रंगाआधी कुंचा

पावसाळा ओसरतो, नवरात्र बसते आणि घरोघरी दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीचे वेध लागतात. याच दिवसांत अनेक कुटुंबांत भिंती रंगवण्याचा विषय निघतो. कारागिराची मजुरी परवडत नाही म्हणून, अथवा आपले घर आपल्याच हातांनी सजवावे या हौसेने, काही जण हे काम स्वतः करण्याचे ठरवतात. मग रंगांच्या छटांचे पत्रक घरात येते. बैठकीची भिंत मोतिया असावी की फिकट पिवळी, यावर आठवडाभर चर्चा चालते. तो रंग ज्या कुंच्याने लावायचा, तो कुंचा मात्र डबा विकत घेताना दुकानदार पुढे करील तो, पाच मिनिटांत घेतला जातो. हा क्रम उलटा आहे. प्रथमच घर रंगवणाऱ्या माणसाने रंगाच्या आधी साधनांचा विचार केला पाहिजे. त्याच्या कामाचे यश, त्याच्या पैशाची बचत आणि घरातील माणसांचे आरोग्य या तिन्ही गोष्टी रंगाच्या छटेपेक्षा साधनांच्या निवडीवर अधिक अवलंबून असतात.

घर रंगवणे हे काम पूर्वी घरच्याच हातांचे होते. चुनकळी पाण्यात विरवायची, ती निवली की फडक्यातून गाळायची, तीत थोडी नीळ आणि डिंक घालायचा आणि वनस्पतींच्या तंतूंच्या कुंच्याने भिंतीला हात द्यायचा, हे ज्ञान घरोघरी होते. जमीन सारवताना आणि मातीच्या भिंतींना पोतेरे फिरवताना बायकांच्या हातांना सामग्रीची आणि साधनाची अचूक पारख झालेली असे. पालघर आणि डहाणूच्या परिसरातील वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करतात आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने गेरूच्या भिंतीवर रेखाटन करतात. ती काडी विकत घ्यावी लागत नाही. पण त्या रंगासाठी आणि त्या बारीक रेषेसाठी ती अगदी योग्य असते. साधनाची योग्यता त्याच्या किमतीवर ठरत नाही, कामाशी असलेल्या त्याच्या मेळावर ठरते, हा धडा या परंपरेने दिलेला आहे. बाजारातून तयार रंगाचे डबे येऊ लागल्यावर तो धडा पुष्कळांच्या विस्मरणात गेला.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मुरलेला कारागीर झिजलेल्या कुंच्यानेही भिंत नितळ रंगवतो. मग नवशिक्याने चांगल्या साधनांचा हट्ट कशासाठी धरायचा? या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. कारागिराच्या मनगटात वर्षानुवर्षांचा सराव असतो. कुंच्याचे केस एका बाजूला झिजले असतील, तर तो हाताचा कोन बदलून ती उणीव भरून काढतो. नवशिक्याजवळ हा सराव नसतो. त्याच्या हाताची उणीव साधनालाच भरून काढावी लागते. म्हणून निकृष्ट साधन चालवून घेण्याचा अधिकार असलाच तर तो तज्ज्ञाला आहे, नवशिक्याला नाही.

साधनांची निवड दुकानात सुरू होत नाही. ती भिंतीसमोर उभे राहून, हातात मोजपट्टी घेऊन सुरू होते. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट आणि क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. ३ फूट रुंद व ७ फूट उंच दाराचे २१ आणि ४ फूट रुंद व तितक्याच उंच खिडकीचे १६ चौरस फूट वजा केले, तर ४०३ चौरस फूट उरतात. रंगाचे दोन हात द्यायचे म्हणजे ८०६ चौरस फूट काम झाले. शाळेत शिकलेल्या या साध्या गणितातून दोन गोष्टी उघड होतात. डब्यावर छापलेल्या व्याप्तीशी हा आकडा ताडून पाहिला की रंग किती लागेल ते कळते, आणि एवढे क्षेत्र केवळ लहान कुंच्याने रंगवणे हे खांद्याला न झेपणारे काम आहे हेही ध्यानात येते.

भिंतीचे निरीक्षण त्यापुढची साधने सुचवते. जुन्या रंगाचे पोपडे सुटले असतील, तर ते खरवडण्यासाठी पोलादी पात्याची खरवडणी हवी. खिळ्यांची भोके आणि बारीक भेगा भरण्यासाठी पुट्टी, जिला जुने कारागीर लांबी म्हणत, आणि ती सपाट बसवण्यासाठी किंचित लवचिक पात्याची पट्टी हवी. पुट्टी वाळल्यावर घासण्यासाठी काचकागद लागतो. त्याच्या पाठीवर छापलेला क्रमांक पाहूनच तो घ्यावा. क्रमांक जितका मोठा, तितका कागद मऊ. ८० क्रमांकाचा कागद ओबडधोबडपणा काढतो, तर १८० किंवा २२० क्रमांकाचा कागद अखेरची सफाई देतो. ही सारी साधने रंगापुढे क्षुल्लक वाटतात. परंतु भिंतीची पूर्वतयारी त्यांच्यावरच उभी असते. पोपड्यावर लावलेला उंची रंग पोपड्यासकट गळून पडतो, तेव्हा दोष रंगाचा नसून न घेतलेल्या खरवडणीचा असतो.

कुंच्याच्या बाबतीत अधिक चोखंदळ राहणे आवश्यक आहे. डुकराच्या केसांचा कुंचा तेलरंगासाठी उत्तम. मात्र पाण्यात मिसळल्या जाणाऱ्या रंगात ते केस पाणी शोषून फुगतात व लुळे पडतात. अशा रंगासाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांसारख्या कृत्रिम तंतूंचा कुंचा घ्यावा. दुकानातच कुंचा तळहातावर दोनतीनदा आपटून पाहावा आणि केस बोटांनी हलके ओढून पाहावेत. नव्या कुंच्याचे एकदोन सुटे केस गळणे स्वाभाविक आहे. मात्र मूठभर केस हातात आले, तर तेच उद्या ओल्या भिंतीवर चिकटणार, हे ओळखावे. मुठीवरची पत्र्याची पट्टी हलत असेल, तर तो कुंचा घेऊ नये. कोपरे, दाराखिडक्यांच्या कडा आणि छताची रेषा यांसाठी २ इंची, तर किरकोळ पृष्ठभागांसाठी ४ इंची असे दोन कुंचे एका खोलीला पुरतात.

मोठ्या भिंतीसाठी रोलर सोयीचा. ९ इंची रोलर हाताला झेपतो आणि काम लवकर उरकतो. रोलरची लव पाहून तो निवडावा. गुळगुळीत भिंतीला आखूड लवेचा, खरखरीत गिलाव्याला लांब लवेचा रोलर लागतो. कारण खाचखळग्यांत रंग पोचवण्याचे काम ती लवच करते. रोलरच्या मुठीत लांब दांडा बसवण्याची सोय असावी. त्यामुळे भिंतीचा वरचा भाग जमिनीवर उभे राहून रंगवता येतो आणि शिडीवरची चढउतार कमी होते. कोपऱ्यात मात्र रोलर पोचत नाही. तेथे आधी लहान कुंच्याने कड काढावी आणि ती ओली असतानाच रोलर फिरवावा, म्हणजे दोहोंचा सांधा दिसत नाही.

चांगली साधने म्हणजे मोठा खर्च, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. साधनांचे तीन गट पाडले, तर खर्च आटोक्यात राहतो. ज्यांचा स्पर्श थेट भिंतीला होतो, ते कुंचे, रोलर, खरवडणी आणि पट्टी चांगल्या प्रतीची विकत घ्यावीत. घडीची शिडी, जिला कारागीर घोडा म्हणतात, वर्षातून एकदा लागते. ती शेजाऱ्याकडून मागून अथवा भाड्याने आणावी. जमीन झाकायला जुनी चादर, पुसायला जुन्या लुगड्याचे तुकडे आणि रंग कालवायला फुटका नसलेला डबा घरातच सापडतो. बाजारात एकाच पिशवीत बांधलेला सर्व साधनांचा स्वस्त संच मिळतो. त्याचा मोह टाळावा. त्यातील निम्म्या वस्तू लागत नाहीत आणि ज्या लागतात, त्या पहिली भिंत पुरी होण्याआधी निकामी होतात.

या सर्वांहून महत्त्वाची आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित साधने म्हणजे संरक्षणाची साधने. चुना डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, म्हणून चश्मा हवा. घासताना उडणारी बारीक धूळ साध्या रुमालाने अडत नाही. त्यासाठी सूक्ष्म कण रोखणारी मुखपट्टी हवी. जुन्या घरात तर ही बाब अधिकच गंभीर होते. भारत सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि ते बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वी लावलेल्या तेलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. असा रंग कोरडाच घासला, तर शिशाची धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती बाधक ठरते. म्हणून जुना तेलरंग पाण्याने ओला करूनच घासावा, पडलेले पोपडे झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावेत आणि काम चालू असताना मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या जागेपासून दूर ठेवावे. मुखपट्टीचे काही रुपये वाचवून उंची रंग घेणाऱ्या कुटुंबाने आपला पैसा कोठे खर्च केला, याचा विचार येथे करावासा वाटतो.

स्वतः काम करण्याच्या उत्साहाला मर्यादेचेही भान हवे. इमारतीच्या बाहेरच्या उंच भिंती, मोडकळीस आलेला गिलावा, वरून गळणारे छत ही नवशिक्याची कामे नव्हेत. ओल जिरलेल्या भिंतीवर कितीही हात दिले तरी रंग टिकत नाही. आधी पाणी कोठून येते ते शोधावे लागते. अशा कामांसाठी कारागिराला बोलवावे, त्याला योग्य मजुरी द्यावी आणि तो काम कसे करतो ते आदराने पाहावे. एक खोली स्वतः रंगवलेल्या माणसाला कारागिराच्या मजुरीत घासाघीस करताना संकोच वाटू लागतो. हे त्या कामाचे लहान फळ नव्हे.

१९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याचा विचार मांडला. हाताने केलेल्या कामातून बुद्धीही घडते, हा त्यामागचा विश्वास होता. कुंचा निवडण्यासारख्या साध्या कृतीतही मोजमाप, निरीक्षण, तुलना आणि निर्णय या चारही बौद्धिक क्रिया सामावलेल्या आहेत. ज्यांना शाळेचे शिक्षण वेळेवर मिळाले नाही, अशा असंख्य स्त्रीपुरुषांनी ही बुद्धी आपल्या कामातून मिळवलेली असते. तिला ज्ञान न म्हणता केवळ सवय म्हणण्याची समाजाची रीत अन्यायाची आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, कारागीर आपली हत्यारे धुऊनपुसून मांडतात आणि त्यांची पूजा करतात. ज्याने प्रथमच घर रंगवायला घेतले, त्याने या प्रथेचा अर्थ रोजच्या संध्याकाळी पाळावा. पाण्याच्या रंगातला कुंचा साबणाच्या पाण्याने आणि तेलरंगातला टर्पेंटाइनने स्वच्छ करावा, त्याचे केस सरळ करावेत आणि तो आडवा वाळत ठेवावा. उभा ठेवलेला ओला कुंचा वाकतो आणि वाळलेल्या रंगाने तो दगडासारखा होतो. पुढच्या वर्षी शेजारच्या घरी रंगाचे काम निघेल, तेव्हा तोच कुंचा मागायला कोणी तरी दाराशी येईल, आणि तो देताना तो कसा धरावा हेही सांगता येईल.