कुत्र्याची शाळा, घराची परीक्षा

सेमिस्टर संपून हॉस्टेलला कुलूप लागायची वेळ आली की प्रत्येकाचा सुट्टीचा बेत तयार असतो. कुणी पुण्याला क्लास लावतो, कुणी जाडजूड पुस्तकं बॅगेत भरून नेतो (आणि तशीच परत आणतो!), कुणी महिनाभर नुसता झोपतो. कुणाच्या झोपेवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. पण माझं मत असं आहे की इंजिनीअरिंगच्या पोरानं निदान एका हिवाळ्याची सुट्टी घरच्या कामांना द्यावी, आणि घरी कुत्रा असेल तर त्याला शिकवण्यात घालवावी. कुत्रा शिकवणं हे एकट्यादुकट्याचं काम नाही. त्याला सगळं घर लागतं. आणि ज्या घराला हे जमणार नसेल त्यानं कुत्रा आणू नये, असंही माझं ठाम मत झालं आहे. ते कसं झालं तेच सांगतो.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात. याच तालुक्यातलं जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि बांबूसारखे पाय, असा कुत्रा रस्त्यानं दिसला की समजावं, हा कारवानी! मध्य आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर, म्हणजे 'कारवां'बरोबर, यांचे पूर्वज दख्खनेत आले असं मानलं जातं. केनेल क्लब ऑफ इंडिया यालाच 'कॅरव्हान हाउंड' म्हणतो. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला मुधोळ हाउंड हा याच रक्ताचा. त्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघालं, आणि २०१६ साली भारतीय सैन्यानं मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. आपण मात्र नांदेडच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसवर असताना, हस्कीसाठी कूलर लावून बसतो!

या जातीची एक अडचण आहे. हा कुत्रा वासापेक्षा नजरेनं शिकार करणारा. लांबवर काही पळताना दिसलं की हा सुटला! पिढ्यानपिढ्या माणसानं त्याला सशामागं, हरणामागं धावण्यासाठीच वाढवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार बंद केली, ते योग्यच झालं. पण कायदा माणसानं वाचला, कुत्र्याच्या पायांनी कुठं वाचला? त्याचं काम गेलं आणि धाव तेवढी शिल्लक राहिली.

डिसेंबर २०२४ मध्ये मी नांदेडहून घरी आलो तेव्हा आमचा भुऱ्या आठ महिन्यांचा होता आणि जाड साखळीला बांधलेला होता. आठवड्यापूर्वी तो शेजाऱ्यांच्या शेळ्यांमागं सुटला होता. एका शेळीचा पाय मोडला. अण्णांनी भरपाई दिली, चार शब्द ऐकून घेतले आणि निकाल लावला, "संक्रांतीपर्यंत बघू. नाही सुधारला तर जन्मभर साखळीला, न्हाईतर कुणाला तरी देऊन टाकायचं." देऊन टाकायचं म्हणजे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. आठवडाभर नव्या दारात आणि मग हायवेवर.

हातात महिना होता. पहिलं काम शिकवण्याचं नव्हतं, बांधकामाचं होतं. कारवानीच्या अंगावर ना चरबी, ना केस. पहाटेच्या थंडीत तो कुडकुडत रात्र काढायचा आणि सकाळी चिडलेला असायचा. जो झोपला नाही तो शिकणार काय? (पहिल्या लेक्चरला आपली काय अवस्था असते ते आठवावं.) म्हणून त्याच्यासाठी घर बांधायला घेतलं. अण्णा म्हणाले, "बांधायचंच तर मोठं बांध." पण इथं हीट ट्रान्सफरचा विषय कामाला आला. खोकं जेवढं मोठं तेवढी त्यातली हवा गरम करायला कुत्र्याचं अंग कमी पडतं. त्याला उभं राहता यावं, गोल फिरून बसता यावं, बस्स. बाजारातून जुन्या खोक्यांच्या फळ्या आणल्या, दुहेरी भिंत केली आणि मधे सोयाबीनचं भुसकट भरलं. खाली विटा लावून घर सहा इंच उचललं, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही. दाराला तरटाचा पडदा. वर गोठ्यातला जुना पत्रा आणि त्यावर तुराट्यांचा थर, कारण नुसता पत्रा रात्री बर्फासारखा गार पडतो.

छताच्या बाबतीत आजीचा एकच हट्ट होता, "डोक्यावर दगड-माती नको." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हजारो माणसं आपल्याच घरांच्या दगड-मातीखाली गेली. त्या पिढीच्या माणसाला कुत्र्याच्या घराचं छतही हलकंच लागतं.

दार कुठल्या दिशेला ठेवायचं यावर मात्र वाद झाला. थंडीतला वारा उत्तरेकडून येतो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून मी दक्षिणेला दार काढलं. अण्णांना वास्तुशास्त्र आठवलं. शेवटी आजीनंच निकाल दिला, "माणसाच्या घराला दक्षिणेचं दार चालत न्हाई. कुत्र्याचा धनी खंडोबा हाय, त्याला समदं चालतंय!"

सगळा खर्च सहाशे चाळीस रुपये. त्यातच अंगणात लिंबापासून खांबापर्यंत चाळीस फुटांची जाड तार ताणली, तिच्यात एक कडी अडकवली आणि कडीला दोरी बांधली. साखळीला बांधलेला कुत्रा एकाच जागी गोल फिरून वेडा होतो, तारेवरचा कुत्रा निदान अंगणभर चालतो. दोन दिवसांत त्याचं रात्रीचं रडणं थांबलं.

आता शाळा! इथं मजा कळली. भुऱ्याला बोलवायला अण्णा "इकडं ये" म्हणत, आई "चल चल" म्हणे, धाकटी बहीण इंग्लिश मीडियमची, ती "कम" म्हणे आणि आजी नुसतं "यू यू" करी. एका कुत्र्याला चार भाषा! वर हाकलताना आई पुन्हा "चल" हाच शब्द वापरायची. आपल्याला कुणी एकाच चिन्हाचे दोन अर्थ सांगितले तर आपण पेपर कोरा देऊ. मग एका रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांची मीटिंग घेतली आणि शब्द ठरवले चारच: ये, बस, थांब, सोड. बहिणीनं ते खडूनं भिंतीवर लिहिले. जो दुसरा शब्द वापरील त्यानं एक रुपया डब्यात टाकायचा. पहिल्या आठवड्यात डब्यात सर्वांत जास्त पैसे अण्णांचे जमले.

दुसरा नियम वेळेचा. कुत्र्यानं योग्य ते केलं की दोन सेकंदांच्या आत खाऊ मिळाला पाहिजे. उशीर झाला तर आपल्याला कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. ज्यांनी कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फीडबॅक उशिरा आला की चांगली सिस्टिमही डळमळते. आता आपल्याकडची पद्धत बघा. कुत्रा पळतो, आपण अर्धा तास ओरडतो, शेवटी तो येतो, आणि आल्या आल्या आपण त्याला दोन फटके देतो. आपल्या लेखी ही पळाल्याची शिक्षा. त्याच्या लेखी? जवळ आल्याची! पुढच्या वेळी तो का येईल? अण्णांना हे पटायला चार दिवस लागले. पण पटल्यावर त्यांनी हातातली काठी गोठ्यात नेऊन ठेवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खाऊचाही प्रश्न होताच. भाकरीच्या तुकड्यासाठी भुऱ्या शेळीवरची नजर काढायला तयार नव्हता. उकडलेल्या अंड्यासाठी होता. आजी माळकरी, घरात अंडं चालणार नाही. पण संत नामदेवांची गोष्ट तिचीच लाडकी. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. नामदेवांचं नर्सी आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि त्यांची पदं शीखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत हे नांदेडमध्ये शिकणाऱ्याला सांगायला नकोच. आजीनं तोडगा काढला. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची वेगळी चूल आणि वेगळं पातेलं. ती स्वतः तिकडे फिरकली नाही, पण "त्याचं अंडं झालं का रं?" हे रोज विचारायची.

अंगणात भुऱ्या आठवड्यात शिकला. खरा प्रश्न शेतातला. तीस फुटांची दोरी लावून मी त्याला शेळ्यांपासून खूप लांब उभा करायचो, तो 'ये' म्हटल्यावर आला की अंतर थोडं कमी करायचं. पण एका अंतराच्या आत आलो की त्याला हाक ऐकूच येत नव्हती.

उत्तर मिळालं माळेगावात. नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यातली ही खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते, त्या वर्षी २९ डिसेंबरला. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार आपण ऐकलेला असतो, पण तिथं श्वान प्रदर्शनही भरतं. अण्णा आणि मी गेलो. ओळीनं उभे असलेले कारवानी बघून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. तिथल्या एका म्हाताऱ्या मालकाला मी अडचण सांगितली. ते हसले, "हे कुत्रं डोळ्यानं ऐकतंय बाबा. ओरडून काय उपेग? गमजा हलव." केवढी साधी गोष्ट! जो नजरेनं जगतो त्याला खूण नजरेचीच हवी.

दुसऱ्याच दिवशी येळवस, म्हणजे आपली वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात, भज्जी, आंबील, उंडे, पाहुण्यांची गर्दी आणि प्रत्येकाच्या मागं एक कुत्रं. तिथंच लाल गमजाचा सराव सुरू केला. गमजा हलला की अंडं, गमजा हलला की अंडं. बांधावरून कुणीतरी म्हणालं, "पोरगं इंजिनीर व्हायलंय म्हनं, आन् कुत्र्याला शाळा शिकवायलंय!" हसणारे हसले. पुढच्या दोन आठवड्यांत मात्र अण्णाच रोज सकाळी गमजा घेऊन तयार असायचे. आई मोजायची, बहीण वहीत लिहायची. आमच्या घरात सगळ्यांनी मिळून रोज एकच काम करावं, असं बऱ्याच वर्षांनी घडत होतं.

संक्रांतीला हिशोब मांडला. शेळ्या समोर असताना भुऱ्या दहापैकी आठ वेळा परत येतो, दोन वेळा दोरीच थांबवते. म्हणजे तो शंभर टक्के सुधारला का? नाही, आणि सुधारणारही नाही. धाव त्याच्या रक्तात आहे. म्हणून घरानं नियम केला. कुंपणाच्या आत मोकळा, रस्त्यावर आणि शेळ्यांजवळ दोरी, बाकी वेळ तारेवर. जाड साखळी अण्णांनी भंगारात दिली. कुणाला देऊन टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, हे सगळं सांगायचं कारण असं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला आखूड किंवा जड साखळीला गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, आणि योग्य कारणाशिवाय त्याला सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. हा कायदा आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? आणि खेड्यातल्या शेतकऱ्याला नावं ठेवण्याआधी आपण हॉस्टेलवाले काय करतो तेही बघू. जुलैत कुठलं तरी गोंडस पिल्लू खोलीत येतं, त्याला नाव मिळतं, बिस्किटं मिळतात, फोटो निघतात. डिसेंबरात आपण गाडीत बसून घरी जातो आणि ते गेटवर वाट बघत राहतं. ना त्याला रेबीजची लस, ना नसबंदी, ना शिकवण. जूनपर्यंत ते माणसांना न घाबरणारं, भुकेलं, मोठं कुत्रं झालेलं असतं. मग ते कुणाला तरी चावतं आणि आपणच म्हणतो, कॅम्पसमध्ये कुत्री फार झाली!

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं अशा ठिकाणची भटकी कुत्री उचलून निवारागृहात नेण्याचे आदेश दिले. त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं. मला एवढंच म्हणायचं आहे की त्या कुत्र्यांतली काही एकेकाळी कुणाच्या तरी खोलीतली, कुणाच्या तरी अंगणातली होती. प्रश्न रस्त्यावर दिसतो, पण बऱ्याचदा सुरू उंबऱ्यावर होतो.

तेव्हा पिल्लू उचलण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. पुढची दहा-बारा वर्षं हा कुठं राहणार? रोज अर्धा तास कोण देणार? वर्षाला लस कोण टोचून आणणार? आणि घरातले सगळे एकच शब्द वापरायला तयार आहेत का? चारही उत्तरं देता आली तर खुशाल आणा, आणि शक्यतो आपल्या मातीतला आणा. एकाचंही उत्तर अडलं, तर पिल्लाला त्याच्या आईपाशीच राहू द्या. या परीक्षेला एटीकेटी नाही!