फुकट नाही, मुक्त



आमच्या गटातली सगळ्यात जुनी गाणारी मावशी २०२१ मध्ये गेली. शोकसभेत भाषणं नकोत, तिचीच गाणी लावू, असं ठरलं. १९९७ साली आम्ही काढलेली कॅसेट एकीच्या माळ्यावर सापडली. एका कार्यकर्तीच्या मुलीनं ती कॉम्प्युटरवर उतरवली, मावशीचे फोटो जोडले आणि सगळे जिथे व्हिडिओ टाकतात तिथे टाकली. एकत्र जमायला बंदी होती, तेव्हा बायकांना निदान घरी बसून ऐकता येईल. दुसऱ्या दिवशी बघतो तर फोटो सरकताहेत आणि आवाज बंद. खाली इंग्रजीत नोटीस: हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीच्या मालकीचं आहे.

गाणं मावशीनं रचलेलं, दारूबंदीच्या मोर्चाला जाताना टेम्पोच्या हौद्यात बसून. चाल तिच्या आईच्या जात्यावरची. मागे धरणाऱ्या आम्ही सातजणी. आणि मालक कोण, तर कंपनी!

संतापून जुन्या फायली उपसल्या. त्यात एक स्टॅम्पपेपर निघाला. स्टुडिओवाल्यानं आम्हाला निम्म्या पैशात रेकॉर्डिंग करून दिलं होतं. त्याच्या बदल्यात ध्वनिमुद्रणाचे सगळे हक्क आम्ही त्याला लिहून दिले होते. पुढे त्यानं आपलं सगळं दुकान कंपनीला विकलं, त्यात मावशीही गेली. कागदाखाली सही माझी होती. मी तेव्हा खजिनदार होते. आठ मार्च तोंडावर आला होता, घाई होती, मी कागद वाचला नव्हता. घरातल्या बाईनं न वाचता सही करू नये, असं शिबिरात सांगणारी मी!

तेव्हापासून या विषयावर मी आपल्याच मैत्रिणींशी भांडते आहे. आज ते भांडण लेखी मांडते.

आपल्यात दोन मतं आहेत. एक म्हणतं, 'गाणं लोकांचं असतं. त्याला कसला आलाय परवाना न् कागद? गावं आणि पुढे जावं.' दुसरं मत ठेच लागलेल्यांचं: 'आता प्रत्येक गाण्याची नोंदणी करा, कुलूप लावा. आमच्या परवानगीशिवाय कुणी गाता कामा नये.' मला दोन्ही पटत नाहीत. पहिलं मत भाबडं आहे. दुसऱ्यात आपण कंपनीचंच बोलणं उसनं घेतो.

भाबडेपणाचं आधी बोलू. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात रचना कागदावर उतरली किंवा ध्वनिमुद्रित झाली की हक्क आपोआप तयार होतो, नोंदणी लागत नाही. तो रचणारीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. एका गाण्यात शब्द, चाल, गायन आणि ध्वनिमुद्रण असे चार वेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला ओळखतो, म्हणजे ज्यानं ते करून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला. गाणारीला कलाकार म्हणून काही हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीनं. तेव्हा 'गाणं सर्वांचं' असं आपण मनातल्या मनात कितीही म्हटलं, तरी कागद गप्प असेल तर कायदा म्हणतो: सर्व हक्क राखीव. मग दूरच्या गावातला प्रामाणिक गट आपलं गाणं छापायला बिचकतो, आणि ज्याच्याकडे वकील आहे तो बिनधास्त उचलतो. आपल्या गप्प बसण्याचा फायदा कुणाला झाला?

'हम होंगे कामयाब' आपण सगळ्यांनी हातात हात घालून गायलेलं आहे. त्याच्या मूळ इंग्रजी गाण्याची गोष्ट किती जणींना माहीत आहे? १९४५ साली अमेरिकेत चार्ल्स्टन इथे तंबाखू कारखान्यातल्या कामगारांनी संप केला. त्यात मोठ्या संख्येनं काळ्या स्त्रिया होत्या. चर्चमधल्या जुन्या भजनावरून आलेलं हे गाणं त्या संपात त्या गात. ल्युसिल सिमन्स नावाची कामगार ते संथ लयीत सुरू करायची. संपातल्या बायकांकडून ते हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत झिल्फिया हॉर्टन शिकली आणि तिथून चळवळभर पसरलं. पुढे १९६० आणि १९६३ मध्ये एका प्रकाशन कंपनीनं त्यावर कॉपीराइट नोंदवला. कर्ते म्हणून चार नावं लागली. त्यांत झिल्फियाचं होतं, ल्युसिलचं नव्हतं. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्यांनी गाणं बळकावू नये आणि येणारे पैसे चळवळीला जावेत, असं ठरलं होतं आणि पैसे जातही होते. पण कुलूप ते कुलूपच. चित्रपट करणाऱ्यांना ते गाणं वापरण्यासाठी कंपनीच्या दारात उभं राहावं लागे. २०१६ मध्ये कंपनीवर खटला झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये तडजोड होऊन गाणं सर्वांसाठी खुलं झालं. कष्टकरी बायकांचं गाणं जवळजवळ साठ वर्षं कुलपात होतं, तेही मित्रांनी लावलेल्या. कुलूपवाल्या मैत्रिणींनी याचा विचार करावा.

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. आमच्या बैठकीत एक जण ताडकन म्हणाली, 'बाईनं जन्मभर सगळं फुकटच दिलं. स्वयंपाक फुकट, धुणीभांडी फुकट, म्हाताऱ्यांची सेवा फुकट. आता गाणंही फुकट द्यायचं?'

तिचं दुखणं खरं आहे. पण आपल्या मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना वर्षानुवर्षं फरक समजावत बसावं लागलं. आपल्याला तो आजीपासून माहीत आहे. बाईचं गाणं आजवर फुकट होतं. ते मुक्त कधीच नव्हतं. फुकट म्हणजे नाव नाही, अट नाही, विचारणं नाही. ओव्यांची कितीतरी पुस्तकं निघाली. मुखपृष्ठावर संकलकाचं नाव आणि आत गाणारीचं नाव नाही, गाव नाही. तिला सगळ्यांनी मिळून 'लोक' करून टाकलं. याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्यांचं जे काम केलं, त्यात लाखावर ओव्या जमल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपलं गेलं. ते भांडार २०१७ पासून 'परी' या ग्रामीण भारतावरच्या प्रकल्पानं लोकांसमोर आणलं. नाव लिहिलं की बाई दिसते, हे आपण तिथून शिकावं.

मुक्त म्हणजे काय? अट घालून दिलेलं. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेनं २००२ च्या डिसेंबरात असे तयार परवाने पहिल्यांदा आणले. त्यातला मला पटलेला एक, 'सीसी बाय-एसए'. त्याचा अर्थ मी बायकांना असा सांगते: गा, वाजवा, छापा, बदला, विका सुद्धा, पण नाव सांगा, आणि बदल करून पुढे देताना याच अटीवर द्या. स्वतः कुलूप लावू नका. हक्क आपलाच राहतो. आपण तो सोडत नाही, त्याच्या जोरावरच अट घालतो. हक्कच सोडून दिला तर अट कशाच्या जोरावर घालणार?

काही जणी म्हणतात, 'व्यापारी वापराला बंदी' असलेला परवाना घेऊ. मीही आधी हेच म्हणत होते. पण जत्रेत पेनड्राइव्ह विकणारा बचत गट व्यापारी की नाही? तिकीट लावून गाणारी शाहीर बाई? तीही व्यापारात मोडू शकते. विकिपीडियाची चित्रं आणि आवाज जिथे ठेवतात, त्या विकिमीडिया कॉमन्सवर अशी बंदीवाली गाणी घेतच नाहीत. आणि कंपनीची भीती म्हणाल, तर 'तसंच पुढे द्या' ही अट तिला जास्त झोंबते. या परवान्याचं गाणं जाहिरातीच्या चित्रांना जोडलं, तर ती जाहिरातही त्याच परवान्यानं सगळ्यांना खुली करावी लागते. कोणती कंपनी ते करील?

राहिला पोटाचा प्रश्न. मुक्त परवान्यानं मानधन बंद होत नाही. कार्यक्रमाचे पैसे घ्या, शिबिरात शिकवण्याचे घ्या, कॅसेटच्या जागी आता जे काही निघेल ते विका. आमची मावशी कुलूपबंद कॅसेटमधून एक रुपयाही कमावू शकली नाही. जे मिळालं ते प्रत्यक्ष गाण्याचं.

गाणं मुक्त करायचं तर साधनही आपल्या हातातलं हवं, हा माझा दुसरा आग्रह. गटाच्या कॉम्प्युटरवर चोरून टाकलेलं सॉफ्टवेअर वापरायचं आणि सभेत हक्कांवर बोलायचं, हे थांबवू या. दर महिन्याला भाडं मागणाऱ्या सॉफ्टवेअरचीही गरज नाही. आम्ही मावशीची अकरा गाणी गेल्या वर्षी नव्यानं गायलो. जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स, आणि ऑडॅसिटी. हे ऑडॅसिटी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालं आणि २००० पासून सर्वांना खुलं आहे. खिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, शेजारच्या कुकरची शिट्टी आली की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक गाण्याआधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या शांततेतली घरघर ऑडॅसिटीला दाखवली की ती पूर्ण गाण्यातून बरीच कमी करता येते. मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवली, कारण त्यात आवाजाचं काही गळत नाही. मोबाइलवर पाठवायला एमपी३. एमपी३ वरची पेटंटंसुद्धा २०१७ पर्यंत संपली. हे सगळं दहावी झालेल्या दोन मुलींनी केलं. मी चहा केला.

साधन मुक्त असण्याचा उपयोग अडचणीत कळतो. २०२१ मध्ये ऑडॅसिटी एका कंपनीकडे गेलं आणि वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून गदारोळ झाला. पण त्याची आतली घडण खुली असल्यानं लोकांनी लगेच तिच्यावरून वेगळी आवृत्ती करायला घेतली. आमच्या स्टुडिओवाल्यानं दुकान विकलं तेव्हा आमच्या हातात असं काय होतं?

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ म्हणजे माहेर आहे असं मात्र कुणी समजू नये. तिथेही पुरुषच पुरुष आहेत. ती उभारणारे रिचर्ड स्टॉलमन यांना लैंगिक अत्याचाराच्या एका प्रकरणावर केलेल्या विधानांमुळे २०१९ मध्ये संस्थेचं अध्यक्षपद सोडावं लागलं, आणि २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले तेव्हा पुष्कळांनी जाहीर निषेध केला. म्हणून साधनं टाकायची? कामगार संघटना, डाव्या पक्ष-संघटना, सगळीकडे आपण भांडतच आत राहिलो. इथेही राहू.

आणि मुक्त म्हणजे उघडं नव्हे. अत्याचार सोसलेल्या बाईनं शिबिरात डोळे पुसत म्हटलेली ओवी ही त्या खोलीची आहे. ती रेकॉर्ड करू नये, केली तर तिला विचारल्याशिवाय बाहेर देऊ नये. हा परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही, हे गाणाऱ्या प्रत्येकीला तिच्या भाषेत सांगितलं पाहिजे. आज आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं आली आहेत, त्यांना परवाना पुरेसा आवर घालणार नाही, हेही सांगावं. मग ती 'नको' म्हणाली तर नको. विषय संपला.

एक आपल्याच दोषाचं. आपली निम्मी गाणी सिनेमाच्या चालीवर आहेत. जे आपलं नाही ते आपण मुक्त करू शकत नाही. पण ओवी, भोंडला, फुगडी, पोवाडा यांच्या जुन्या चालींवर कुणाची मालकी नाही. सावित्रीबाईंचं १८५४ चं 'काव्यफुले' खुलं आहे. बहिणाबाईंच्या १९५२ च्या पहिल्या संग्रहातली गाणीही मुदत संपल्यानं आता खुली आहेत. चाली बांधायला एवढं पुरेल की नाही?

तर माझी मागणी अशी. येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, प्रत्येक गटानं आपली वही काढावी. ज्या गाण्याच्या रचणारीनं हो म्हटलं, त्याखाली तिचं नाव, गाव, चाल कुठली आणि परवाना लिहावा. रेकॉर्डिंगच्या शेवटी हे सगळं तोंडानं बोलावं, कारण मोबाइलवरून गाणं पुढे जाताना खालचा मजकूर गळून पडतो, आवाज राहतो. गटाबाहेरच्या कुणालाही हक्क लिहून देणारा कागद किमान तिघींनी मोठ्यानं वाचल्याशिवाय सही होऊ नये.

आमच्या अकरा गाण्यांच्या शेवटी आता मावशीची नात बोलते. आजीचं नाव, गाव, आणि 'गा, पण नाव सांगा, आणि कुलूप लावू नका.' जुनी कॅसेट अजून कंपनीकडेच आहे. तिच्यातला मावशीचा आवाज आम्हाला परत मिळालेला नाही.

ज्यांना हे पटत नाही, त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं. मला उत्तर द्यायला आवडेल.