मशरूमच्या पिशवीत कोकोपीट किती आणि कुठे?



दिवाळीनंतर टाटीबंधहून एका वाचक ताईंचा फोन आला. आवाजात निम्मी उत्सुकता, निम्मी धास्ती. मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी कोकोपीटची ५ किलोची वीट मागवली होती, सोबत धिंगरी मशरूमचं बियाणं. सहा पिशव्या भरल्या. चार पिशव्या आठवड्याभरात हिरव्या पडल्या. पाचवी जशीच्या तशी, ढिम्म. सहावीत त्यांनी घरच्या गाईचं थोडं शेणखत आणि कच्चा पैरा मिसळला होता, तिच्यात बारीक देठाच्या राखाडी छत्र्या उगवल्या. "मुलं म्हणतायत, आई, भजी कर. करू का?"

नका करू, असं मी त्यांना वाक्य पुरं व्हायच्या आत सांगितलं. तुम्हालाही तेच सांगते. धिंगरी शिंपल्यासारखी पसरट असते, देठ एका बाजूला असतो आणि ती गुच्छाने येते. घंटेसारख्या टोपीच्या, नाजूक देठाच्या आणि दिवसभरात काळ्या शाईसारख्या वितळणाऱ्या छत्र्या म्हणजे पिशवीतलं तण. पैरा नीट तापवला नाही किंवा शेणखतासारखं जोरकस काही घातलं की ती येते. आपल्या छत्तीसगडात पावसाळ्यात फुटू खायची मोठी हौस. बस्तरच्या सालवनातला बोडा तर बाजारात येताच चढ्या भावाने जातो. पण तो ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तो ओळखत आली आहेत. पिशवीत जे बियाणं घातलं तेच उगवलं आहे, अशी खात्री नसेल तर सगळं बाहेर टाका.

आता मूळ चूक. ताईंनी मशरूमला कोकोपीट जेवण म्हणून वाढलं होतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. त्याचा मोठा गुण एकच, पाणी धरून ठेवणं. ६५० ग्रॅमची छोटी वीट भिजवली की आठ-नऊ लिटरची बादली भरते. खाण्याच्या दृष्टीने मात्र तो अगदी कोरडा पाहुणचार आहे. त्यात लिग्निन भरपूर आणि नत्र नाममात्र. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण ११२ ला १. गंमत म्हणजे हाच भुसा कुजवायला धिंगरीचीच बुरशी वापरतात. केरळातल्या कॉयर बोर्डाने त्यासाठी 'पिथप्लस' नावाचं बियाणं काढलं आहे. भुशाचे थर लावायचे, मध्ये हे बियाणं आणि युरिया घालायचा. महिनाभरात ते प्रमाण २४ ला १ पर्यंत उतरतं आणि उत्तम खत तयार होतं. म्हणजे बुरशी हा भुसा खाऊ शकते, पण सावकाश, आणि वरून नत्र दिलं तर. नुसत्या कोकोपीटच्या पिशवीत ती उपाशीपोटी रेंगाळते, तेवढ्यात हिरवी बुरशी घर करते.

आणि आपण राहतो कुठे? धानाच्या कटोऱ्यात! रायपूरच्या बाहेर पाऊण तास कुठल्याही दिशेला जा, कोठारात पैऱ्याचे ढीग दिसतील. महाराष्ट्रातले नातेवाईक याला पेंढा म्हणतात, विदर्भातले तणस. धिंगरीला हाच पैरा सगळ्यात मानवतो. काही शेतांत तो अजून जाळला जातो आणि आपण शहरात बसून केरळचा भुसा कुरिअरने मागवतो, हे मला जरा खटकतंच. कोकोपीट टाकून द्या असं नाही म्हणत मी. त्याला त्याचं काम द्या.

एका पिशवीचं माझं माप असं : १ किलो कोरडा पैरा आणि पाव किलो कोरडं कोकोपीट. पैरा यंदाचा, सोनेरी, पावसात न भिजलेला हवा. काळपट किंवा कुबट वासाचा नको. दोन-तीन इंचांचे तुकडे करून रात्रभर पाण्यात बुडवा. सकाळी निथळून मोठ्या पातेल्यात कडकडीत गरम पाण्यात, म्हणजे ८० अंशांच्या आसपास, तासभर ठेवा. उकळी फुटायच्या बेताचं पाणी हवं. झाकणावर वजन ठेवा, पैरा वर तरंगतो.

कोकोपीटची तयारी वेगळी करायची, ताईंचं घोडं इथेच पेंड खात होतं. ही वीट समुद्रकाठच्या मुलखातून येते, कधी कधी सोडणं खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात. त्यामुळे भुशात क्षार असतात. विटेवर 'धुतलेलं' असं लिहिलेलं असलं तरी मी एकदा धुतेच. साध्या पाण्यात फुलू द्या, जुन्या सुती धोतराच्या फडक्यात घालून पिळा, ते चहाच्या रंगाचं पाणी फेका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. पाणी फिकट होईपर्यंत दोन-तीन वेळा. मग त्याच फडक्याच्या छोट्या पुरचुंड्या बांधा आणि मोदकांसारख्या तासभर वाफवा. पुरचुंडी छोटीच हवी, मोठी केली तर आतपर्यंत वाफ पोचत नाही. यासाठी मोदकपात्र वेगळं ठेवा बरं का! माझ्या सासूबाईंनी पहिल्या वेळी जे पाहिलं, त्यानंतर आमच्याकडे अॅल्युमिनियमचं एक जुनं भांडं या कामाला कायमचं वाहिलं गेलं.

पैरा आणि भुसा दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच एकत्र करा. घाई केलीत तर गरम माल बियाणं मारून टाकेल. आता मुठीची परीक्षा. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर स्वच्छ कापडावर पसरून जरा सुकवा. ताईंच्या चार हिरव्या पिशव्यांचं कारण मला इथेच दिसतं. कोकोपीट वरून कोरडं वाटतं, आत मात्र स्पंजासारखं तुडुंब असतं. पिशवीच्या तळाशी पाणी साचतं, हवा संपते आणि आंबूस वास सुटतो.

भाताचा कोंडा घालू का, असं बऱ्याच जणी विचारतात. नुसत्या गरम पाण्याच्या पद्धतीत नको. कोंडा हिरव्या बुरशीलाही तितकाच आवडतो. तो घालायचा तर सगळा माल कुकरच्या दाबावर निर्जंतुक करावा लागतो, आणि घरच्या कुकरमध्ये कितीसा मावणार?

बियाणं ओल्या मालाच्या वजनाच्या ३ टक्के पुरे. वर सांगितलेल्या मापाचा ओला माल चार किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे १२० ग्रॅम. नवख्यांनी दीडशे घ्यावं. हात साबणाने धुवा, पंखा बंद ठेवा. पिशवीत चार बोटं माल, मग कडेने बियाणं, असे थर भरा. तोंड बांधून सुईने दहा-पंधरा भोकं पाडा आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पंधरा-वीस दिवसांत पिशवी आतून दह्यासारखी पांढरी होते. मग तिला चिरा द्या, उजेड आणि हवा लागेल अशा जागी हलवा, भोवती दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. छत्रीची कड वर वळायच्या आत तोडा. उशीर केला तर बारीक भुकटीसारखे बीजाणू उडतात आणि खोकला मागे लागतो. म्हणूनच पिशव्या झोपायच्या खोलीत किंवा दम्याच्या माणसाजवळ नकोत.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं गणित. मार्चनंतर आपल्याकडे ऊन कसं तापतं ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा धिंगरीचा नाद सोडा आणि दुधी मशरूम लावा. हे आपल्याच देशातलं, १९७४ मध्ये पश्चिम बंगालमधून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. ३० ते ३५ अंशांत ते खुशीत वाढतं. आणि उरलेल्या कोकोपीटची खरी मजा इथेच आहे. दुधीची पैऱ्याची पिशवी पांढरी झाली की ती वरून कापतात आणि मालावर दोन-तीन सेंटिमीटर ओलसर थर पसरतात. या थराशिवाय दुधी नीट धरतच नाही. थराला जेवण नको असतं, फक्त पाणी धरणारं हलकं पांघरूण हवं असतं. म्हणजे पिशवीत जो कोकोपीटचा दोष होता, तोच इथे गुण! धुतलेलं कोकोपीट आणि चांगलं मुरलेलं जुनं खत निम्मं-निम्मं घ्या, मूठभर चुनखडीची भुकटी मिसळा, तासभर वाफवा, गार करून पसरा. शाळेतला खडू नको, तो बहुधा जिप्समचा असतो. पानाचा चुनाही नको, फार जहाल पडतो.

बियाणं मात्र ताजं घ्या. पाकिटावर हिरवा-काळा डाग किंवा आंबट वास असेल तर परत करा. रायपूरकरांना कृषक नगरचं इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय जवळच आहे. १९८७ पासूनच्या या विद्यापीठात मशरूमवर काम चालतं. बियाणं आणि प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा, व्हिडिओंपेक्षा ते बरं.

टाटीबंधच्या ताईंचा बेत खरं तर मोठा होता. भिशीचे पैसे उचलून शंभर पिशव्या लावायच्या, कॉलनीत विकायच्या. मी त्यांना भिशी तूर्त राहू द्या म्हटलं. आधी तीन पिशव्या, त्या जमल्या तर दहा, आणि घरच्यांनी तीनदा खाल्ल्यावर मग गिऱ्हाईक. जरा हिरमुसल्या, पण त्यांनी ऐकलं. हिरव्या पिशव्या तोंड न उघडता दूर नेऊन पुरल्या, खोली धुऊन आठ दिवस रिकामी ठेवली.

परवा त्यांचा फोटो आला. दोन पिशव्या छान पांढऱ्या, तिसरीच्या एका कोपऱ्यात पिवळट पाणी. ती लगेच बाकीच्यांपासून लांब ठेवा, एवढंच उत्तर पाठवलं आहे. पुढचा फोटो आला की कळवीन.