रॉकीचं केजीएफ आणि आपलं केजीएफ

चिखलीतल्या आपल्या पोरांना 'केजीएफ'मधले रॉकीचे डायलॉग तोंडपाठ. पण कोलारच्या त्या सोन्याच्या खाणीत उतरलं कोण, हे विचारा. शांतता!

1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे खाणी चालवल्या. खाली उतरणारे बहुतेक तमिळ दलित. 1902 मध्ये खाणींना शिवनसमुद्रची वीज मिळाली, मजुरांना तट्ट्यांच्या झोपड्या आणि सिलिकोसिस. तरी ही माणसं बिचारी नव्हती. पंडित अयोथीदासांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा तिथल्या मारिकुप्पममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निघाली. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या चार-पाच दशकं आधी हे खाणकामगार बुद्धाकडे वळले होते! पुढे रिपब्लिकन पक्षाचे आमदारही त्यांनी निवडून दिले.

सिनेमात काय दिसतं? मुके गुलाम, आणि मुंबईहून आलेला तारणहार. ज्यांनी स्वतः संघटना बांधल्या, त्यांना पडद्यावर हात जोडून उभं केलं. याला मी करमणूक म्हणत नाही, ही पुसापुशी आहे.

28 फेब्रुवारी 2001 ला खाणी बंद झाल्या. उरले सायनाइडच्या मातीचे ढिगारे, आणि कामासाठी रोज रेल्वेने बंगळूर गाठणारी माणसं. पा. रंजित यांनी 2024 मध्ये 'थंगलान'मध्ये याच खाणीतला आपला माणूस मधोमध उभा केला. तो आपल्यापैकी किती जणांनी पाहिला?