जवळून डोंगर साजरे

दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्या भाषेत इतकी रुळली आहे की, ती खरी की खोटी हे तपासून पाहावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. डोंगर दुरून निळे व कोमल दिसतात. जवळ गेले की काटेकुटे, दगडधोंडे आणि घाम यांवाचून हाती काही लागत नाही, असा तिचा आशय. सह्याद्रीच्या कड्यांविषयी ती खरी असो वा नसो. आमच्या हैदराबादच्या टेकड्यांविषयी मात्र ती उलटी करून म्हटली पाहिजे, असे आमचे मत आहे. या टेकड्या दुरून मुळीच साजऱ्या दिसत नाहीत. बसच्या खिडकीतून पाहिले तर उजाड माळावर कोणी गोट्यांची रास ओतून ठेविली आहे असे वाटते. त्यांचे सौंदर्य जवळ गेल्यावर, आणि तेही पायी गेल्यावरच, कळते. एवढेच नव्हे, तर त्या टिकावयाच्या असतील तर आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांच्या जवळ गेले पाहिजे. तेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे मराठवाड्यात आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. शिक्षणासाठी व नोकरीसाठी तिकडची कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. सुटीत गावी जाऊन परत येताना, परळीहून उदगीर व बिदर या मार्गाने धावणाऱ्या आगगाडीत खिडकीपाशी बसलेल्या मुलास एक मोठा धडा फुकट मिळतो. आरंभी काळी जमीन आणि काळा कातळ दिसतो. बिदरच्या आसपास माती तांबडी होते व जांभा दगड दिसू लागतो. विकाराबाद मागे टाकून गाडी हैदराबादेकडे निघाली की, करड्या व गुलाबी रंगाच्या प्रचंड शिळा रुळांच्या दोहो बाजूंस उभ्या राहतात. तो काळा कातळ म्हणजे लाव्ह्याच्या थरांचा. अजिंठा व वेरूळ येथील लेणी त्याच्याच पोटात कोरलेली आहेत. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. हैदराबादचा ग्रॅनाइट मात्र सुमारे २५० कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ चाळीस पट जुना! चारमिनार १५९१ सालचा म्हणून आपण पाहुण्यांस तो अभिमानाने दाखवितो. ज्या खडकावर हे शहर वसले, तो पाहुण्यांस दाखविण्याची आठवण मात्र कोणास होत नाही.

हे गोटे एकावर एक कोणी रचले, असा प्रश्न लहान मुलांस पडतो, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. विधात्याने जग घडविल्यावर उरलेला दगड दख्खनच्या पठारावर टाकून दिला, अशी एक दंतकथा सांगतात. शास्त्राचे उत्तर याहून कमी मौजेचे नाही. हा खडक जमिनीच्या खोल पोटात तप्त रसापासून हळूहळू निवून घट्ट झाला. पुढे त्यावरील थर झिजून गेले. भार कमी झाल्यामुळे त्यास आडव्या-उभ्या भेगा पडल्या व त्याचे चौकोनी ठोकळे झाले. भेगांत पाणी मुरले. ठोकळ्याच्या कोपऱ्यास पाणी तीन बाजूंनी भिडते, म्हणून कोपरे आधी कुजले आणि ठोकळा गोल झाला. शेवटी भोवतालची माती पावसाने वाहून गेली आणि गोटे जागच्या जागी उघडे पडले. तेव्हा ते कोणी रचलेले नाहीत. त्यांच्या भोवतीचे सारे निघून गेले व ते मागे राहिले. वर्गात हे दहा वेळा वाचूनही जे मनावर ठसत नाही, ते दोन शिळांमधील फटीत हात घालून पाहिल्यावर एका क्षणात कळते.

यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. जुबिली हिल्स हा भाग एके काळी गावाबाहेरचा होता. आज तो शहराच्या पोटात आला आहे. तेथील टेकडीवर कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांचे नातू मुकर्रम जाह यांचा चिरान महाल याच रानात आहे. १९९८ साली या जागेस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. क्षेत्र दीड चौरस किलोमीटरहूनही थोडे कमी, पण आतील चढउतारांच्या वाटेवर पाऊल टाकले की नगराचा कोलाहल मागे पडतो आणि मोराचा केकारव ऐकू येतो. माघ-फाल्गुनात पळस फुलतो. पावसाळ्यात शिळांवरील खळग्यांत पाणी साचते आणि पाखरे तेथे उतरतात. खडकावर ऊन खात पडलेला सरडा पाहावा. विणीच्या दिवसांत नराची पाठ तांबडी होते. शिळांच्या आडोशास सीताफळीची झुडुपे असतात. दसऱ्याच्या सुमारास ज्या सीताफळांचे ढीग आपण बाजारात पाहतो, ते झाड अशाच दगडाळ जमिनीचे आहे, हे किती जणांस ठाऊक आहे? खडकावरील पांढरट-हिरवे चट्टे पाहून पुष्कळांस ते डाग वाटतात. पण आईच्या गोड्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गातले, त्याच वर्गातली ती सजीव वस्ती आहे. ती इतकी सावकाश वाढते की, तळहाताएवढा चट्टा कदाचित आपल्या आजोबांहूनही वयाने मोठा असेल.

उद्यानाची ही एकच जागा आहे असेही नाही. विजयवाड्याच्या रस्त्यावर वनस्थलीपुरम येथे निजामाचे शिकारीचे रान होते. १९७५ साली, भगवान महावीरांच्या निर्वाणास अडीच हजार वर्षे झाल्याच्या निमित्ताने, त्यास महावीर हरिण वनस्थली हे नाव मिळाले. जेथे काळविटांची शिकार होत असे, तेथे आता त्यांस अभय आहे. खाजागुड्याच्या टेकडीवर देऊळ व दर्गा हे शेजारी शेजारी आहेत. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर चिलकूर येथे मृगवनी राष्ट्रीय उद्यान असून ठिपक्यांची हरणे तेथे आहेत. चिलकूरच्या बालाजीस आपण नवस फेडण्यासाठी १०८ प्रदक्षिणा घालतो. ज्या पायांस १०८ प्रदक्षिणा जमतात, त्यांस शेजारच्या रानातील एक फेरी जड जाईल, हे आम्हांस पटत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. झाड तोडले तर दुसरे लावता येते. आपल्या हयातीत नाही तरी पुढील पिढीस त्याची सावली मिळते. नदी घाण झाली तर कष्टाने का होईना, पण स्वच्छ करता येते. फोडलेला खडक मात्र पुन्हा उगवत नाही. बंजारा हिल्स व जुबिली हिल्स या नावांत टेकड्या आहेत. पण त्या भागांतील कित्येक शिळा सुरुंगाने फुटून इमारतींच्या पायांत व रस्त्यांच्या खडीत गेल्या आहेत. खडकांवरून वाहणारे पाणी तलावात येते. गोवळकोंड्याच्या किल्ल्यास ज्याचे पाणी मिळे, तो दुर्गम चेरुवू अशाच टेकड्यांच्या कुशीत आहे. टेकडी गेली की तलावाचे पाणीही वाट चुकते. या नाशाकडे पाहून काही नागरिकांनी १९९६ साली 'सोसायटी टु सेव्ह रॉक्स' ही संस्था स्थापन केली. तिने नुसते अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. लोकांस बरोबर घेऊन ती खडकांमधून पायी हिंडविते. शहराच्या वारसायादीत राजवाडे व मशिदी यांच्या बरोबरीने काही शिळांचीही नावे आली, ही गोष्ट या देशात तरी विरळाच म्हणावी लागेल.

संस्थेने पायी हिंडण्यावर भर का दिला असेल? आमच्या मते त्याचे कारण सरळ आहे. मनुष्य जे पायांनी ओळखतो, त्यासाठीच तो उभा राहतो. २०१६ साली ब्रह्मानंद रेड्डी उद्यानाभोवती उड्डाणपुलांसाठी झाडे तोडण्याचा बेत पुढे आला, तेव्हा विरोधास उभे राहिलेल्यांत तेथे रोज फिरावयास येणारे नागरिक होते. २०२५ च्या वसंतात हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील सुमारे चारशे एकर रानात यंत्रे शिरली, तेव्हा तेथील विद्यार्थी पुढे आले, आणि ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते काम थांबविले. पुण्यात २०२३ साली वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यापैकी पुष्कळांची पहाट त्याच टेकडीवर उजाडत असे. रस्ते व घरे शहरास हवीत, हे आम्ही जाणतो. प्रत्येक तंट्यात कोणाची बाजू किती खरी, हे ठरविण्याचे आमचे वय नाही. पण ज्या टेकडीवर कोणाचेच पाऊल पडत नाही, तिच्या वतीने बोलावयास कोणीच उरत नाही, एवढे आम्हांस स्पष्ट दिसते.

येथे दोन आक्षेप निघतील. वडील मंडळी म्हणतील की, रानात साप-विंचू असतात, मुले शिळांवरून घसरून पडतात, शिवाय परीक्षा जवळ आलेली असते. ही काळजी प्रेमापोटी आहे, तिचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु मळलेल्या वाटेने, गुरुजनांच्या सोबतीने आणि पायांत चांगले बूट घालून चालणाऱ्या मुलास भर रस्त्यावर चालणाऱ्या मुलाहून अधिक धोका आहे, असे आम्हांस वाटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निसर्गावर प्रेम करणारेच कित्येक जण म्हणतात की, माणसे जाऊ लागली की रान बिघडते. तेव्हा ही राने कुलूप लावून ठेवावीत. यात तथ्य आहे. शिळांवर खडूने व रंगाने नावे लिहिणारे, चिवड्याच्या पिशव्या झुडुपांत टाकणारे, मोठ्याने गाणी लावून पाखरे उडविणारे लोक आपण सर्वांनीच पाहिले आहेत. परंतु कुलपाने फक्त माणसांचे पाय अडतात, त्यांची हाव अडत नाही. रान वाचवावयाचे तर त्यात जाणारा मनुष्य शहाणा केला पाहिजे, आणि मनुष्य शहाणा करण्याचे वय शाळेचे असते.

म्हणून आमची एक विनंती आहे. सहलीच्या नावाखाली मोटारीत बसून जावयाचे, झाडाखाली जेवावयाचे आणि परत यावयाचे, ही पद्धत पुष्कळ झाली. पाचवीपासून पुढे प्रत्येक वर्गाने वर्षातून एकदा तरी एखादी टेकडी पायी चढावी. उजाडताच निघावे, कारण दहा वाजल्यानंतर खडक तापतो आणि पाखरेही दिसेनाशी होतात. डब्यात पोळी-भाजी व बाटलीत पाणी, एवढा सरंजाम पुरे. त्याचा खर्च गरिबातल्या गरीब पालकासही पेलेल. वाट सोडून आडवाटेने जाऊ नये; या टेकड्यांवर मातीचा थर पातळ असतो, चार जणांच्या आडवाटेने गवत मरते आणि पुढच्या पावसात ती माती खाली येते. प्राण्यांस खाऊ घालू नये. फूल, पीस वा दगड घरी आणू नये. जे न्यावयाचे ते वहीत लिहून न्यावे. शाळेत एक टेकडीची वही ठेवावी. कोणत्या महिन्यात काय फुलले, कोणते पाखरू दिसले, कोणती शिळा जागेवर आहे, हे प्रत्येक वर्गाने तीत लिहावे व पुढच्या वर्गाच्या हाती द्यावे. दहा वर्षांनी ती वही या शहराचा एक खरा दस्तऐवज होईल.

पालकांसही एक विनंती आहे. दिवाळीत नांदेडहून वा लातूरहून मामा-मावशी आल्या की आपण त्यांस चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग संग्रहालय दाखवितो. ते दाखवावेच. परंतु एक सकाळ टेकडीसाठी राखून ठेवावी. गोवळकोंड्यावर चढताना तटाकडे नीट पाहिले तर तेथील कारागिरांनी मोठमोठ्या शिळा न फोडता त्यांनाच तटात सामावून घेतले आहे, असे जागोजागी दिसेल. खडक न फोडताही बांधता येते, हे त्यांस चारशे वर्षांपूर्वी समजले होते. आपल्याकडे त्यांच्याहून अधिक साधने आहेत. अधिक समज आहे की नाही, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. शिळांचे वय २५० कोटी वर्षांचे असले, तरी त्यांपैकी किती उरावयाच्या, हे ठरविणारे लोक आज शाळेच्या बाकांवर बसले आहेत. त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी त्या शिळा निदान एकदा जवळून पाहिलेल्या असाव्यात.