पुडीतल्या गोळीला नाव हवं

ताप आला, कंबर धरली किंवा दाढ ठणकायला लागली की आपण जवळच्या डॉक्टरांकडे जातो, एक इंजेक्शन घेतो आणि कागदाच्या चार-सहा पुड्या खिशात घालून घरी येतो. प्रत्येक पुडीत एक पांढरी गोळी, एक पिवळी, एक अर्धी गुलाबी. सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर घ्यायची. दोन दिवसांत बरं वाटतं आणि त्या गोळ्यांची नावं काय होती, हे घरात कुणी विचारत नाही. मेडिकलमध्येही तसंच चालतं. ‘अंगदुखीवर काहीतरी द्या’ म्हटलं की कात्रीनं कापलेल्या दोन गोळ्या हातात पडतात. नाव आणि मुदत छापलेला पट्टीचा भाग दुकानातच राहतो. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायला कायद्याची हरकत नाही आणि जिथे मेडिकल लांब आहे तिथे ती मोठी सोयही आहे. पुडी बंद करा, असं मी म्हणणार नाही. पुडीवर औषधाचं नाव लिहा, एवढीच मागणी आहे. ती मी इतक्या आग्रहानं का करतो, ते वेदनाशामक गोळ्यांवरून सांगतो, कारण सगळ्यात जास्त बिननावाच्या गोळ्या आपण दुखण्यासाठीच घेतो.

आपल्याकडे ‘दुखण्याची गोळी’ हा एकच शब्द चालतो, पण त्यात दोन अगदी वेगळी कुळं आहेत. एक पॅरासिटामॉल. ताप उतरवणारं, दुखणं कमी करणारं, पण सूज फारशी न उतरवणारं. दुसऱ्या कुळात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड आणि या सगळ्यांची थोरली अॅस्पिरिन. अॅस्पिरिन नेमकं काय करतं, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिलं आणि १९८२च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. दुखऱ्या जागी ती सूज आणि कळ वाढवतात, म्हणून ती बनू दिली नाहीत की आराम पडतो. पण हीच द्रव्यं जठराच्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त वाहतं ठेवतात. गोळी गुडघ्यापुरती थांबत नाही, ती सगळीकडे पोचते. म्हणून या गोळ्यांनी पोटात जळजळ होते, व्रण होतात, कधी शौचाला काळं होतं. ते आतल्या रक्तस्रावाचं लक्षण आहे आणि त्या दिवशीच दवाखाना गाठायचा असतो.

पोटाचा त्रास निदान जाणवतो. मूत्रपिंडाचं काहीच दुखत नाही, म्हणून मला त्याची धास्ती जास्त वाटते. अंगात पाणी भरपूर असेल आणि मूत्रपिंड धडधाकट असेल, तर दोन-तीन दिवसांच्या गोळ्या बहुतेकांना पचतात. पण अंगातलं पाणी आटलं की मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा टिकवण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनवरच विसंबून असतं आणि नेमका तोच आधार गोळी काढून घेते. बीडहून कोयता घेऊन निघालेलं जोडपं उन्हात दिवसभर ऊस तोडतं, पाणी बेताचं पितं आणि उद्याही फडात उभं राहायचं म्हणून रात्री गोळी घेतं. जुलाब-उलट्यांनी गळालेला माणूस ‘अंग मोडून आलंय’ म्हणून तीच गोळी घेतो. गोळीला इतकी वाईट वेळ दुसरी नाही.

आणखी एक जोडी घरोघरी सापडते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असतं. पुष्कळदा त्याच गोळीत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही असतं. लघवीची गोळी अंगातलं पाणी कमी करते. टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं. त्यात डायक्लोफेनॅक आलं की आत येणारी रक्तवाहिनी आवळली जाते. तिन्ही मिळून गाळणीतला दाब पडतो आणि लघवी कमी होत जाते. यातलं एकही औषध वाईट नाही. रक्तदाबाच्या गोळ्या तर आपल्या मनानं कधीच बंद करू नयेत. पण गुडघ्यासाठी आलेल्या पुडीत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर हे तिघं एकत्र आलेत हे आजींना कळणार कसं आणि त्यांच्या रक्तदाबाच्या डॉक्टरांना तरी कळणार कसं?

पॅरासिटामॉल त्या मानानं सौम्य. मी स्वतः तापाला पहिलं तेच सुचवतो. त्याचा धोका बेरजेत असतो. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही शेवटची हद्द. अशक्त किंवा रोज दारू पिणाऱ्या माणसाला त्याहून कमी. आता हिशोब करा. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा, म्हणजे १९५०. सर्दीच्या गोळीत ५०० असतं, तीही तीनदा, म्हणजे १५००. पाठीसाठी अॅसिक्लोफेनॅकची जोडगोळी, तिच्यात ३२५, दोनदा, म्हणजे ६५०. बेरीज ४१००. तीन वेगळी नावं, तीन वेगळे रंग आणि हद्द ओलांडली गेली. जास्तीचं पॅरासिटामॉल यकृताच्या पेशी मारतं, आणि पहिले एक-दोन दिवस माणूस बरा दिसू शकतो. त्यावर उतारा आहे, एन-अॅसिटिलसिस्टीन. तो लवकर मिळाला तर यकृत वाचतं. मात्रा जास्त झाल्याची शंका आली तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात जा.

पावसाळ्यातल्या तापात नाव माहीत असणं आणखी मोलाचं. डेंग्यूत प्लेटलेट घटतात. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११पासून बंदी आहे.

डायक्लोफेनॅकनं काय घडू शकतं, हे आपल्या आकाशानं पाहिलं आहे. हे औषध दिलेली जनावरं मेली, त्यांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि थवेच्या थवे संपले. २००६मध्ये जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक थांबवलं गेलं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीपुरती ठेवावी लागली. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं हळवं नाही, घाबरून जाण्याचं कारण नाही. पण गिधाडांसाठी सरकारला बाटलीचं माप बदलता आलं, तर माणसांच्या पुडीवर नाव लिहून घेणं अशक्य कसं असेल?

डायक्लोफेनॅकच्या पट्टीवर लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय विकू नये, असा तिचा अर्थ. औषध दुकानदारांनी ती पाळावी, आणि दोनच गोळ्या द्यायच्या असतील तर पाकिटावर नाव, मात्रा आणि मुदत लिहून द्यावी. डॉक्टरांनी पुडीवर पेनानं दोन शब्द लिहावेत. त्याला अर्धं मिनिट लागतं. आणि तुम्ही या आठवड्यात घरातल्या वडीलधाऱ्यांचा गोळ्यांचा डबा उघडा. रक्तदाबाच्या गोळीतले घटक एका कागदावर उतरवा, तो कागद त्यांच्या पाकिटात ठेवा, आणि दुखण्याची गोळी घेण्याआधी तो डॉक्टरांना दाखवायला सांगा.