शुगर उतरवणारा व्हिडिओ

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या एका वस्तीत एका मावशींच्या पायाची जखम धुवायला गेले होते. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून त्यांना दोन महिने झाले होते. का बंद केल्या, विचारलं तर त्यांनी मोबाईलच पुढे केला. भाच्याने पाठवलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. काळवंडलेल्या स्वादुपिंडावर काढ्याचा हिरवा थेंब पडतो आणि ते गुलाबी होतं. शेजारचा लाल खांब ३०० वरून घसरत ११० वर येतो. शेवटी ऑर्डरसाठी फोन नंबर.

मावशींना वाचता येत नाही. गोळीचं पाकीट त्यांच्याशी बोलत नाही, ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटंही मिळत नाहीत. हे चित्र मात्र हवं तितक्या वेळा समजावून सांगतं. आपल्या माणसांना काय कळतं आणि कसं कळतं, हे आरोग्य खात्याआधी विकणाऱ्यांनी ओळखलं, याचा मला जास्त राग येतो.

तो खांब घसरला तो कुणाच्या रक्तात? किती जणांच्या? उपाशीपोटीची शुगर की जेवणानंतरची? तेव्हा त्यांच्या गोळ्या चालू होत्या का? हे सुचायच्या आत नंबर येतो. म्हणून असा व्हिडिओ मध्येच थांबवून बघा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. भाच्याने पाठवलं म्हणून खरं, असं नाही. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टींबद्दल जे बजावलं, ते व्हॉट्सअ‍ॅपलाही लागू आहे.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पाय दुखायचे, झोप लागायची नाही. ते इन्सुलिन घेत. त्यांची काळजी घेणाऱ्या माईसाहेब स्वतः डॉक्टर, आणि त्यांचं घराणं मूळचं आपल्याच राजापूर तालुक्यातल्या डोर्ले गावचं. इन्सुलिनच्या सुईला घाबरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

चित्रांवर माझा राग नाही. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये रंगीत पाकळ्यांच्या आकृतीतून सरकारला दाखवलं. एका परिचारिकेने! (आम्हाला तिच्या दिव्याचीच गोष्ट सांगतात, पाकळ्यांची कुणी सांगत नाही.)

आपली पोरं १४ एप्रिलला स्टेटससाठी काय सुंदर व्हिडिओ बनवतात! तीच पोरं भातलावणीआधी लेप्टोवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ का करणार नाहीत? चिखलाचं पाणी, त्यात उंदराचं मूत्र, पायाची भेग, मग ताप, अंगदुखी, लाल डोळे, आणि थेट सरकारी दवाखाना. आवाज आपल्या बोलीत, एखाद्या आजीचा. आकडा घालायचा तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घालायचा, आणि तो कुठून आणला तेही सांगायचं. शेवटी नंबर वस्तीच्या आशाताईंचा, त्यांना विचारून. दर महिन्याला नवा विषय. विहारात वंदनेनंतर सगळ्यांनी मिळून बघायचा, म्हणजे शंका तिथल्या तिथे विचारता येतात. मोबाईलवर एकट्याने बघताना विचारणार कुणाला?

मावशींच्या गोळ्या पुन्हा सुरू आहेत. जखम भरायला चार महिने लागले. पहिला व्हिडिओ त्यांचा भाचाच करतोय. उंदीर काढून झालाय, पण तो अजून मांजरासारखा दिसतो.